दुसऱ्या नळीचा आवाज

४ ऑक्टोबर

आत्या,

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की पाणी खालच्या टाकीतून सांडलं. तसं नाही. ते वरच्या, माशांच्या टाकीतून सांडलं. त्या दुपारी खोलीभर पाणी, बाबा पोतेरं घेऊन जमिनीवर बसलेले, दारात खालचे घड्याळकाका हातातल्या भिंगासकट उभे. त्या गडबडीत मला जिथे जास्त ओलं दिसलं तेच मी लिहून मोकळी झाले. काल टाकीमागच्या भिंतीवरून हात फिरवला, तर तिचा रंग पार वरपर्यंत फुगलेला. खालची टाकी उतू गेली असती तर पाणी भिंतीवर चढलं नसतं.

तू म्हणशील, सांडलं ते सांडलं, वरून काय नि खालून काय. पण दोन्ही दुखणी वेगळी आहेत. खालून सांडलं असतं तर खाली जागा कमी ठेवली, म्हणजे माझा हिशेब चुकला, असं झालं असतं. वरून सांडलं याचा अर्थ पाण्याची उतरायची वाट बंद झाली होती. आणि वाट बंद नव्हती. वाचन मधेच सोडून मी चहा ठेवायला गेले होते, तिथून धावत आले तेव्हा दोन्ही कॉक उघडे होते, मी स्वतः वाकून बघितले.

तू टाकी पाहिलेली नाहीस, म्हणून नीट सांगते. बाबांनी ती एका बंद पडलेल्या कापडदुकानाच्या दर्शनी काचांची केली आहे. तिरकं ऊन आलं की एका काचेवर जुन्या पाटीतला ‘फॅ’ पुसटसा दिसतो आणि मासे त्याच्यामागून जातात. टाकीच्या एका कोपऱ्यात काचेचाच उभा कप्पा आहे. टाकीतलं पाणी त्याच्या कडेवरून आत पडतं. कप्प्यात दोन नळ्या उभ्या आहेत. एक बुटकी, तिचं तोंड पाण्यात बुडालेलं. ती जवळजवळ सगळं पाणी गुपचूप खाली नेते. दुसरी उंच, तिचा फक्त ओठ ओला होईल इतपत पाणी तिच्याशी येतं. बुटकीला कधी ठसका लागला आणि पाणी चढलं, तर ते उंच नळीने घ्यायचं, अशी वाटणी. दोन्ही नळ्या खालच्या कपाटातल्या टाकीत उतरतात. तिथे पाणी गाळलं जातं आणि पंप ते परत वर ढकलतो. उंच नळीत कायम एक बारीक धार जात असते, त्यामुळे ती दिवसभर कुणी गुळण्या करत बसल्यासारखी वाजते.

दोन्ही नळ्यांना कॉक आहेत. मी आणलेल्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे की दुसऱ्या नळीला कॉक लावूच नये, ती अडीअडचणीची वाट आहे. पण चावीवाल्याच्या घरात हे कोण ऐकून घेणार? आजोबांनी जन्मभर गावाच्या पाण्याच्या चाव्या फिरवल्या. मी वाचून दाखवलं तेव्हा बाबा म्हणाले, “हे लिहिणाऱ्याचा बाप चावीवाला नसणार,” आणि त्यांनी दुसरा कॉक चिकटवून टाकला. आपल्या घरात कॉकशिवायची नळी म्हणजे बटणाशिवायचा सदरा.

त्या दुपारी घड्याळकाकांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. खाली त्यांच्या दुकानातल्या मेजावर एक घड्याळ दुरुस्तीसाठी उघडं पडलेलं होतं, नेमके त्यातच दोन थेंब. घर त्यांचं, आम्ही भाडेकरू. म्हणाले, “मित्र आहेस म्हणून एकदा सोडतो. पुन्हा पाणी खाली आलं तर टाकी काढायची.” बाबा पोतेरं पिळत राहिले. सुतारीचा कारखाना बंद केल्यापासून ते सकाळी उठतात ते त्या माशांसाठी, हे तुला माहीत आहे.

म्हणून छापखान्याच्या बाईंना सांग की कामावर यायला मला अजून थोडा वेळ हवा. पाणी का सांडलं हे कळल्याशिवाय मी बाबांना या टाकीबरोबर एकटं सोडून येऊ शकत नाही.

तुझी,
टिंब

•

९ ऑक्टोबर

टिंबे,

फोनवर मला ऐकू येत नाही याचा एक फायदा झाला, तुझी पत्रं येतात. पण पत्राची सुरुवात कुशल विचारून करतात, चुकीच्या दुरुस्तीने नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून मी तुला अक्षरं शिकवली, तेव्हाही तू एक काना वाकडा आला की पान फाडायचीस. मी लिहायला शिकवलं होतं. फाडायला तू आपली आपण शिकलीस.

तुझ्या नळ्यांचं मला जेवढं कळलं त्यावरून सांगते. बुटकीच्या तोंडात काहीतरी अडकलं असणार. माझ्या मोरीत बटाट्याची साल अडकते, तेव्हा मी काही भिंतीला हात लावून विचार करत बसत नाही, हात घालते नि साल काढते. तूही हात घाल.

बाई परवा दुकानात भेटल्या. त्यांच्याकडे शालेय पुस्तकांचा ढीग येऊन पडला आहे आणि शुद्धलेखन बघणारं धड कुणी नाही. तू पाठवलेली नमुन्याची पानं त्यांनी इतरांना दाखवली म्हणे. “कधी येते तुमची भाची?” असं विचारलं. मी म्हटलं, येते. कधी ते तूच सांग. मला काही घाई नाही. मधल्या खोलीतलं शिवणयंत्र मी बाहेर काढलं आहे, पण त्याची मला तिथे अडचण होत होती म्हणून, तुझ्यासाठी नाही.

आणि माझ्या भावाला सरळ विचार की तुझ्याशिवाय त्याचं चालेल का. मनातल्या मनात त्याची उत्तरं तू देऊ नकोस.

आत्या

•

१५ ऑक्टोबर

आत्या,

कुशल आहे. तू कशी आहेस?

पान सापडलं. टाकीतल्याच झाडाचं, बोटभर लांब, बुटक्या नळीच्या तोंडात मुडपून बसलेलं. तुझी बटाट्याची साल बरोबर निघाली. आता तोंडावर जाळी बसवली आहे. पण यातून निम्मंच उत्तर मिळतं. बुटकी अडली तर उंच नळीने सगळं पाणी घ्यायला हवं होतं. मी करून बघितलं. बुटकीच्या तोंडावर तळहात दाबून धरला. पाणी दोन बोटं चढलं आणि उंच नळीने ते घेतलं, इतक्या जोरात की मासे कोपऱ्यात जाऊन बसले. कितीही वेळ हात धरून बसले तरी थेंब सांडला नाही. म्हणजे दोन्ही कॉक उघडे असताना ही टाकी सांडूच शकत नाही. आणि कॉक उघडे होते. आणि ती सांडली.

आणखी एक गोष्ट जुळत नाही. दुपारी उंच नळीचा आवाज येईनासा होतो. मी प्रुफं मोठ्याने वाचते, तशी सवय तूच लावलीस. वाचताना मधे थांबले तर शांत असतं. संध्याकाळी पुन्हा गुळण्या सुरू. मला वाटतं दुपारी विजेचा दाब कमी होत असेल आणि पंप हळू चालत असेल. विजेच्या माणसाला बोलावलं आहे.

बाबांना विचारलं.

“माझ्याशिवाय तुमचं चालेल का?”

“न चालायला काय झालं? मला काय पाय नाहीत?”

“गुडघे दुखतात ना.”

“दुखतात गुडघे. पाय शाबूत आहेत.”

“आणि स्वयंपाक?”

“तुझ्या जन्माआधी मी उपाशी होतो का?”

असं बोलून ते माशांकडे वळले. आत्या, त्यांच्या बोलण्यावर मी जाणार नाही. मला मोकळं वाटावं म्हणून ते तसं बोलतात, हे मला कळतं. काल जिन्यावर कठड्याला धरून थांबले होते, मी दिसल्यावर कठड्याचे खिळे तपासल्याचं सोंग केलं.

टिंब

•

१६ ऑक्टोबर

ताई,

मी पत्र लिहिलं म्हणजे मापं लिहिलेला कागद, असं तू म्हणायचीस. तसंच समज आणि वाच.

पोरगी निघत नाही. टाकीपायी अडून बसली आहे. विजेच्या माणसाला बोलावलं, तो आला, तारा बघितल्या, चहा पिऊन गेला. तू जरा जोर लावून बोलाव. तुझं ती ऐकते. इथे तिला प्रुफं येतात ती पोस्टाने, बोलायला मी आणि मासे. या वयात तिने चार माणसांत बसायला हवं.

माझी काळजी करू नका. मी तिच्या कामात अडथळा येऊ देत नाही. दुपारी ती मोठ्याने वाचते आणि ती उंच नळी तिच्या कानाशी गुळण्या करत असते. बिचारी मधेच थांबते, टाकीकडे बघते, परत तेच वाक्य वाचते. बोलून दाखवत नाही. तिचा स्वभाव तुला माहीत आहे. मग मी काय करतो, जेवणं झाली की कपाटात हात घालून त्या नळीचा कॉक बंद करतो, आणि ती कामावरून उठायच्या आत उघडतो. तिला पत्ता नाही. सांगूही नकोस. कळलं तर प्रुफं घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसेल, तिथे उजेड नाही.

त्या दिवशी सांडलं तेव्हाही मी प्रसंगावधान दाखवलं. पहिला तो कॉक उघडला, तसं पाणी भराभर खाली गेलं. नाहीतर आणखी सांडलं असतं.

तुझा कान कसा आहे? थेंब घालतेस का?

तुझा धाकटा

•

२१ ऑक्टोबर

अरे बाळ,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि कपाळावर हात मारला. कॉक उघडल्यावर पाणी भराभर खाली गेलं, मग तो बंद होता तेव्हा ते कुठे जाणार होतं रे? पोरगी तिकडे विजेचा दाब मोजत बसली आहे आणि दाब तुझ्या मुठीत आहे.

आता एक विचारते, आणि रागावलास तरी चालेल. तू हे मुद्दाम तर करत नाहीस? टाकी बिघडलेली राहिली की पोरगी घरी राहते, एवढं गणित तुला येतं. सासरी परत जायची माझी वेळ झाली की माझ्या चपला कुठे सापडायच्या आठवतं ना? एकदा धान्याच्या डब्यात सापडल्या होत्या.

माझा कान आहे तसाच आहे. थेंब घालते.

तिला सांग. मी तुझ्या शब्दाला जागून थोडे दिवस गप्प राहते. पण तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन.

ताई

•

२५ ऑक्टोबर

ताई,

चपला मीच लपवायचो. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.

टाकीचं मुद्दाम नाही. मला खरंच सुचलं नाही. लाकूड कुठे फुगेल ते मला आधी कळतं, पाण्याचं कळत नाही, ते चाव्या फिरवणाऱ्या आपल्या अण्णांबरोबर गेलं. तू लिहिल्यावर मी कॉकला हात लावणं बंद केलं. पण काल ती एकाच पानावर तीन वेळा थांबली. मान वळवून बघत होती. मला बघवेना. मग अर्धा बंद केला. अर्ध्याने काय होतंय?

तिला वेळ बघून सांगतो. वेळ सापडत नाही.

धाकटा

•

३० ऑक्टोबर

आत्या,

पुन्हा झालं. या वेळी थोडक्यात निभावलं.

मी दुपारी वाचत होते. मधे थांबले तर आवाज नाही. हल्ली दुपारी तो तसाही नसतोच, पण या वेळी कप्प्याशी जाऊन बघितलं. पाणी टाकीच्या काठाला टेकलेलं होतं, आणखी थोडं चढलं की बाहेर. मी पंपाची पिन ओढली. खाली काही गेलं नाही. तांब्याभर सांडलं असेल, ते माझ्या ओढणीने टिपलं. जाळीत शेवाळाचा गोळा अडकला होता, म्हणून बुटकी अडली होती. आणि मग मी कपाट उघडलं. उंच नळीच्या कॉकची दांडी आडवी व्हायला आली होती.

मी ती फिरवलेली नाही. घरात आम्ही दोघंच.

मी बाबांना काही बोलले नाही. दांडी सरळ केली. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर कपाटात बघितलं, पुन्हा तिरकी. पुन्हा सरळ केली. मग स्क्रू काढून दांडीच काढून घेतली आणि माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवली. तर आज कॉकच्या खुंटावर पकडीचे दात उमटलेले.

आत्या, मला फार काळजी वाटते आहे. एवढ्या हौसेने स्वतः बनवलेली टाकी माणूस स्वतःच का बुडवेल? मला वाटतं बाबांना विसर पडू लागला आहे. कारखान्यात असताना शेवटचं काम म्हणून ते यंत्राचा खटका बंद करायचे. तो हात तसाच चालतो आहे, आणि काय बंद केलं हे नंतर त्यांना आठवत नाही, असं काहीतरी. आठवून बघितलं तर बरंच जुळतं. परवा ते चष्मा शोधत होते आणि तो कपाळावर होता. डॉक्टरांना विचारायचं तर त्यांना काय सांगून नेऊ?

बाईंना कळव की मी येऊ शकत नाही. त्यांनी दुसरं कुणी बघावं. तुला वाईट वाटेल, मलाही वाटतं आहे, पण असा माणूस एकटा कसा ठेवायचा?

टिंब

•

३ नोव्हेंबर

टिंबे,

आधी श्वास घे. तुझ्या बापाचं डोकं ठणठणीत आहे. चष्मा कपाळावर ठेवून शोधणाऱ्यांना डॉक्टरकडे न्यायचं तर मला अठराव्या वर्षीच न्यायला हवं होतं.

मी त्याला शब्द दिला होता की सांगणार नाही. तो मोडते. त्याला तसं कळवलंही आहे. कॉक तो जाणूनबुजून बंद करतो. तुझ्यासाठी. तू वाचताना मधे थांबतेस, टाकीकडे बघतेस, म्हणून त्याला वाटतं की नळीच्या आवाजाने तुला त्रास होतो आणि तू सोसतेस. पहिल्यांदा सांडलं तेव्हाही कॉक बंदच होता. त्याने तो घाईघाईने उघडला आणि मग तू वाकून बघितलास. कॉक बंद असला की सांडेल, हे त्याला मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. सांगितल्यावर हा शहाणा अर्धा बंद करायला लागला.

हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. त्याने सांगावं म्हणून थांबले आणि तेवढ्यात तू त्याला वेडा ठरवून मोकळी झालीस. आपल्या घराची ही रीतच आहे. कुणी कुणाला विचारायचं नाही, गुपचूप करून ठेवायचं, आणि दुसऱ्याला कळलं तर ‘छे, मला त्यात काय’ म्हणायचं. मीसुद्धा लिहिलं होतं की मला घाई नाही. घाई आहे. शिवणयंत्र अजिबात अडचणीचं नव्हतं. आता ते बाहेर पडून आहे आणि मी त्याच्यावर रोज ठेचकाळते.

बाईंना मी तुझा निरोप दिलेला नाही. त्या वीस तारखेपर्यंत थांबतील. त्या दिवशी तू टेबलाशी नसलीस तर दुसऱ्या मुलीला घेतील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाई चांगल्या आहेत, पण पुस्तकं शाळेत वेळेवर जावी लागतात.

बापाशी बोल.

आत्या

•

९ नोव्हेंबर

आत्या,

बाबांना विसर पडू लागला आहे असं मी लिहिलं होतं, ते चूक आहे. त्यांना सगळं आठवतं. मी सहा वर्षांची असताना काय केलं तेही आठवतं, आणि अडचण तीच आहे.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी ते माशांना खाणं घालत होते. मी विचारलं, “दुपारी कॉक तुम्ही बंद करता?”

चिमूट तशीच धरून ते म्हणाले, “ताईने सांगितलं वाटतं.”

“मला त्या आवाजाचा त्रास होत नाही. उलट तो आला की बरं वाटतं. पाणी नीट चाललंय हे कळतं. म्हणून मी थांबून ऐकते.”

“बरं.”

“बरं म्हणजे?”

“बरं म्हणजे बरं. नाही करणार बंद.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं शांत. मी कपाट उघडलं. बाबा मागे येऊन उभे राहिले.

“थोडाच केला,” म्हणाले.

“काल मी काय सांगितलं?”

“तू सांगणारच तसं. सहा वर्षांची होतीस, ताप उतरत नव्हता. ते कडू औषध मी तुला पाजायचो आणि तू ‘गोड आहे बाबा’ म्हणायचीस. माझं तोंड बघून.”

औषध कडूच होतं.

कॉक कापून टाकावा म्हटलं, तर टाकीचा तळ आणि कॉक यांच्यात दोन बोटंही नळी मोकळी नाही, चिकटवलेलं सगळं तोडून टाकी रिकामी करावी लागेल. बाबा करू म्हणाले, पण त्यांचा चेहरा बघितला आणि मीच नको म्हटलं. बघ, मी पण तेच केलं.

काल प्रुफांचं पाकीट टाकायला खाली उतरले. घड्याळकाकांनी दुकानातून हाक मारली.

“ये इकडे. उभी राहा जरा. ऐकू येतंय?”

छतातून तो आवाज येत होता, गुळण्यांचा, अगदी स्पष्ट.

“तू जिना उतरतेस तेवढ्यात सुरू होतं,” काका म्हणाले. “तू वर गेलीस की थोड्या वेळाने गप्प. मला आधी वाटलं, तुझा बाप तुझ्या धाकाने चूळ भरत नाही.”

“नेहमी असं होतं?”

“मी दिवसभर इथे बसून बारीक आवाजच ऐकतो. मागे तू आठवडाभर गावाला गेली होतीस ना, परीक्षेच्या पेपरांची प्रुफं तपासायला? तेव्हा एकदाही थांबला नाही.”

मी मुद्दाम पोस्टातून उशिरा आले. परत दुकानात डोकावले. काकांनी मान डोलावली. आवाज चालूच होता.

आत्या, मी घरात असले की दुसरी वाट बंद असते. मी नसले की उघडी. पाणी दोन्ही वेळा चढलं ते मी इथे बसून वाचत असताना. बाबांना टाकीबरोबर एकटं कसं सोडू म्हणून मी थांबले होते, आणि टाकीला धोका आहे तो मी थांबल्यामुळे. हे लक्षात आल्यावर मी काकांच्या स्टुलावर बसून हसले. काकांनी पाणी दिलं.

पण तेवढ्यावर मी निघाले नसते. रात्रीचं जेवण झाल्यावर मी पुन्हा विचारलं, “माझ्याशिवाय तुमचं चालेल का?”

“न चालायला काय झालं,” ते म्हणाले.

“बाबा, ते मागचं उत्तर झालं. तुम्ही बोललात त्यावर मी विश्वास ठेवला नाही, आणि आवाजाचं मी बोलले त्यावर तुम्ही ठेवला नाही. आता एकदा दोघांनी खरं बोलू या. आधी मी बोलते. त्या आवाजाने मला कधी कधी त्रास होतो. लांबलचक वाक्य असलं की होतो. पण तो बंद झाला की त्याहून जास्त होतो.”

ते ताटातलं एक शीत बोटाने सरकवत बसले. मग म्हणाले, “चालेल माझं. जड जाईल. सुरुवातीला फार जड जाईल. पण चालेल.”

पहिल्या वेळी ते नुसतं ‘न चालायला काय झालं’ म्हणाले होते, ते मला पटलं नव्हतं. ‘जड जाईल’ म्हटल्यावर पटलं.

“तुला?” त्यांनी विचारलं.

“मलाही.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले आणि ताटं उचलायला लागले. मी उचलू दिली.

घड्याळकाकांशी बोलून ठेवलं आहे. आवाज थांबला की ते वर येतील. टाकी काढायची भाषा आता त्यांनी सोडली आहे, म्हणतात, “त्या गुळण्यांची आता मला इतकी सवय झालीय की त्या थांबल्या तर माझंच काम अडेल.” जाळी रोज धुवायची हे मी बाबांना शिकवलं. त्यांनी ती माझ्यापेक्षा नीट बसवली. कठडा धरून उतरायचं, आणि मी दिसले तरी धरायचं, हेही कबूल करून घेतलं. निघायला दहा दिवस आहेत, तरी आज दुपारी ते मला सुटकेस बांधून देत होते. माझ्या चपला कुठे ठेवल्या म्हणून विचारलं, तर म्हणाले, “दाराशीच आहेत. बघून घे.” होत्या.

मधल्या खोलीत उजेड कुठल्या बाजूने येतो ते कळव, म्हणजे टेबल कुठे लावायचं ते मी येतानाच ठरवीन. शिवणयंत्र आत घे, मला त्याची अडचण होणार नाही. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. खरंच होणार नाही, आणि झाली तर सांगेन.

बाईंना सांग की वीस तारखेला सकाळी मी टेबलाशी असेन. मी बुधवारी, १९ नोव्हेंबरला, सकाळच्या पहिल्या गाडीने निघते.

टिंब